जाऊबाईंचे रेणू

आमच्या जाऊबाईंना खेळ हा शब्द चालत नाही. "मी खेळत नाही, जुळवते," असं त्या म्हणतात. समोर कॉम्प्युटर, पडद्यावर रंगीत गोळे आणि आत गॅसवर भाजी करपतेय, अशा अवस्थेत एखादी बाई जे करते त्याला दुसरा शब्द मला तरी सापडलेला नाही. पण हे मी त्यांच्या तोंडावर म्हणत नाही. एकतर त्या थोरल्या, आणि दुसरं म्हणजे कारखान्यात माझ्या हातात जे कापड येतं ते त्यांच्या कात्रीखालून येतं.

दोघी एकाच घरात नांदतो आणि एकाच कारखान्यात राबतो, त्यामुळे भांडायला आम्हाला वेगळा वेळ काढावा लागत नाही. कारखाना म्हणजे एका गोदामाचा वरचा मजला. तिथे गणवेश शिवले जातात, शाळांचे, पहारेकऱ्यांचे, दवाखान्यातल्या नोकरांचे. एका टोकाला लांबलचक कटिंगचं टेबल, मग शिलाई मशिनींच्या रांगा, आणि पार शेवटी भिंतीलगत बसून धागे कापणाऱ्या बायका. शर्ट टेबलावरून निघतो आणि मशिनी ओलांडत भिंतीपर्यंत पोचतो. माणसंही तशीच. हात आणि डोळे थकले की त्यांना हळूहळू त्या भिंतीकडे सरकवतात. जाऊबाई टेबलावर आहेत. बाई असल्या तरी सगळे त्यांना मास्तर म्हणतात, कारण कापणारा तो मास्तर, मग तो बाई असो की बुवा. मी मधल्या रांगेत बसते आणि बाह्या जोडते.

मास्तरांच्या कामातली एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. कापडाला दोन बाजू असतात, सुलट आणि उलट. सुलट बाजू अंगावर मिरवते. तिच्यावर खडूची रेघ उमटलेली चालत नाही, म्हणून मास्तर नेहमी उलट बाजूवर आखतात. म्हणजे टेबलावर जे डावीकडे दिसतं ते अंगात घातल्यावर उजवीकडे जातं. आपल्यासारख्यांना हे थांबून, बोट नाचवून ठरवावं लागतं. जाऊबाईंना नाही. त्यांचे डोळे जन्मभर कापडाच्या पाठीकडूनच बघत आलेत. त्यामुळे समोर काहीही आलं तरी त्या ते मनातल्या मनात पालथं करून बघतात. एकदा कुणाच्या तरी नव्या घराचा नकाशा बघून त्यांनी मोरी भलत्याच टोकाला असल्याचं ठासून सांगितलं होतं, आणि घर बघून आल्यावर बांधणाऱ्याचीच चूक काढली होती.

कॉम्प्युटर माझ्या लेकीचा. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली तेव्हा तिने नवा घेतला आणि जुना बाहेरच्या खोलीत खिडकीखाली ठेवून गेली. जायच्या आदल्या दिवशी ती त्यावर काहीतरी करत बसली होती. जाऊबाई मागे उभ्या राहून शेंगा सोलत होत्या.

"काय गं त्या, गोट्या?"

"अणू आहेत, काकू. ते जोडून रेणू करायचा. हा लाल म्हणजे ऑक्सिजन, हे पांढरे हायड्रोजन. कोपऱ्यात चित्र दिलंय बघ, तसं झालं पाहिजे."

"मग उचल आणि ठेव की."

"उचलता येत नाही ना! ढकलायचा. आणि ढकलला की भिंत लागेपर्यंत थांबतच नाही. नाहीतर दुसऱ्या अणूवर जाऊन आपटला तर थांबतो. मधे कुठेच नाही."

जाऊबाईंनी शेंगांचं ताट माझ्या हातात दिलं आणि खुर्ची ओढली. ते ताट त्यांनी आजतागायत परत घेतलेलं नाही.

पहिला रेणू पाण्याचा. मधे लाल, दोन्ही बाजूंना पांढरे. गोळे शेजारी आले की मधे आपोआप काडी जुळते. दोन्ही काड्या जुळल्या आणि पडदा उजळला. "एवढंच पाणी?" त्या म्हणाल्या. "आणि यासाठी आपण सकाळी नळाखाली बादल्या घेऊन उभ्या!" पोरगी हसली, पण जाऊबाईंचं लक्ष नव्हतं. त्या पुढच्या चित्राकडे बघत होत्या.

तेव्हापासून रोज कामावरून आलं की चहाचा कप घेऊन त्या खिडकीखाली. कप तसाच गार व्हायचा. मी विचारलं, एवढं काय आहे त्यात? तर म्हणाल्या, "कात्री मी म्हणेन तिथे थांबते. हा मेला थांबत नाही. याला हवा तिथे थांबवायचा तर आधी दुसऱ्या कुणाला तरी तिथे नेऊन उभं करावं लागतं. आणि तो दुसरा तिथे कसा न्यायचा, ते त्याच्याही आधी ठरवावं लागतं." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा बघितलेलं नाही.

भाऊजींना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, हे रुचलं नाही. भाऊजी नुकतेच निवृत्त झालेले. स्वतःचा वेळ जात नाही म्हणून दुसऱ्यांचा वेळ कुठे जातो यावर त्यांची करडी नजर असते.

"दहावीला नाव घालू का तुझं?" ते म्हणायचे.

"घाला. पण आधी तुम्ही तो पेपर खाली ठेवा. सकाळपासून तेच पान धरून बसलाय."

असं रोजचं चाललेलं असायचं. आमचे हे मधे तेल ओतायचे, आणि मी ज्याची बाजू पडती दिसेल त्याच्या विरुद्ध जायचे, कारण त्यात मजा जास्त.

जाऊबाई अडल्या त्या अल्कोहोलपाशी. दोन काळे कार्बन शेजारी शेजारी, भोवती पांढऱ्यांचा गराडा, एका टोकाला लाल आणि त्याला चिकटलेला आणखी एक पांढरा. "वहिनी घरात दारू गाळायला बसल्यात," ह्यांनी जाहीर केलं, "पोलीस आले तर मी बाहेरगावी गेलोय म्हणून सांगा." जाऊबाईंनी तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. बरीच खटपट करून त्यांनी सगळे गोळे जागच्या जागी आणले. एकूण एक काडी जुळली. पडदा मात्र उजळेना.

मी वाकून बघितलं. चित्रात लाल उजव्या टोकाला होता. जाऊबाईंचा डाव्या.

"उलटा झालाय, ताई."

"उलटा कसा? पाठीकडून बघ. तोच आहे."

"पण चित्रात तो इकडे..."

"चित्र एका बाजूनं काढलंय, मी दुसऱ्या बाजूनं केलाय. शर्ट खुंटीला पाठमोरा टांगला तर तो शर्ट राहत नाही का?"

मी लेकीला फोन लावला. ती तिकडून म्हणाली, "काकू, तुझं बरोबर आहे गं. हा रेणू पालथा केला तरी तोच राहतो. पण खेळाला ते कळत नाही. चित्रात आहे तसा कर आणि पुढे जा."

"त्याला कळत नाही म्हणून मी ऐकायचं?"

"मग बस तिथेच," असं म्हणून पोरीनं फोन ठेवला. ती माझीच लेक आहे.

जाऊबाई खरंच तिथेच बसल्या. रोज संध्याकाळी तोच रेणू पुन्हा जुळवायच्या, आपल्या बाजूनं, आणि पडद्याकडे बघत राहायच्या, जणू आज त्याला उपरती होईल. पडद्याला कसली उपरती! शेवटी एक दिवस भाऊजी पेपरामागून म्हणाले, "हरलीस ना?"

हा शब्द त्यांनी वापरायला नको होता. दुसऱ्या दिवशीपासून जाऊबाईंनी नवीनच सुरू केलं. खुर्चीत ताठ बसायचं, चित्राकडे बोट दाखवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "दिसतं तसं. दिसतं तसं." मी विचारलं, हा काय मंत्र आहे का? "मी बरोबर आहे म्हणून मी तसं करत नाही, हे ठीक," त्या म्हणाल्या, "पण मला जमतच नाही म्हणून करत नाही, असं असेल तर? ते मला बघायचंय." आणि त्यांना खरोखरच जमत नव्हतं. सरळ समोरून बघायचं म्हटलं की डोळ्यांना घाम फुटायचा. हात आपसूक दुसरीकडे जायचा. डावखुऱ्या माणसाला उजव्या हातानं लिहायला बसवल्यावर जे होतं ते त्यांचं झालं होतं, पण त्यांना बसवणारं दुसरं कुणी नव्हतं.

आणि जमलं. एका रविवारी दुपारी पडदा उजळला आणि जाऊबाईंनी एवढ्या मोठ्यानं टाळी वाजवली की झोपलेले भाऊजी दचकून उठले. त्यानंतर गाडी सुसाट. व्हिनेगरमधलं आम्ल झालं, मग कसली कसली लांबलचक नावं आली. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून त्या मला सांगायच्या, अमका पांढरा कसा भिंतीआडून फिरवून आणला आणि तमका लाल कसा मधे उभा केला. मी हूं हूं करत जेवायचे. आजूबाजूच्या बायकांना वाटायचं, घरातल्या पाहुण्यांबद्दल बोलतायत.

मग पहारेकऱ्यांचं काम आलं. जाड कापड, सुलट बाजूला तिरप्या रेघांची चमकदार वीण, मागून सपाट. असं कापड आमच्याकडे सगळं एकाच अंगानं पसरतात, उलट बाजू वर करून, थरावर थर. पसरतो तो लंबू. त्याचे हात टेबलाच्या या काठापासून त्या काठाला पोचतात म्हणून त्याला ते काम आणि ते नाव. त्यावर मास्तर पुठ्ठ्याचे साचे ठेवून खडूनं आखतात आणि मशिननं एकदम सगळे थर कापतात. शर्टाच्या पुढच्या भागाला डावा आणि उजवा असे वेगळे साचे असतात, पण बाहीचा साचा एकच. तो एकदा सरळ ठेवून आखायचा आणि एकदा पालथा. तसं केलं नाही तर सगळ्या बाह्या एकाच हाताच्या निघतात. नवीन माणसाला हे पहिल्याच दिवशी शिकवतात. जाऊबाईंना तर आठवावंही लागत नसे. त्यांचा हात साचा आपसूक पालथा करायचा.

त्या दिवशी गठ्ठा माझ्याकडे आला. एक बाही उचलली, डावी. जोडली. उजवीसाठी हात घातला तर पुन्हा डावी. बाहीचा वरचा गोल पुढच्या अंगाला जास्त खोल असतो, मागच्या अंगाला उथळ. इतकी वर्षं जोडल्यावर तो बोटांनाच कळतो. मी खालून एक काढली. डावी. मधून काढली. डावी. गठ्ठ्यावर डब्याची पिशवी टाकून मी तो तसाच उचलला आणि टेबलाकडे गेले.

"ताई, बाह्या."

"काय झालं बाह्यांना?"

"सगळ्या डाव्या आहेत."

त्यांनी दोन बाह्या घेतल्या आणि समोरासमोर एकमेकींवर ठेवल्या. जोडी असती तर नीट बसल्या असत्या. त्या बसल्या नाहीत. जाऊबाईंनी उरलेल्या बाह्यांना हातही लावला नाही. टेबलाच्या काठाला धरून त्या उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "दिसतं तसं आखलं मी."

मला लगेच कळलं. त्या खेळानं त्यांचा डोळा सुलट केला होता, आणि तो सुलट डोळा घेऊन त्या कामावर आल्या होत्या.

मी आजूबाजूला बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. "ताई, ऐका," मी म्हटलं. "लंबूला थर समोरासमोर, एक उलटा एक सुलटा, पसरायला सांगितले होते म्हणा. तसे पसरले असते तर जोड्या आपोआप निघाल्या असत्या. कापलेल्यातून कुणाला काय कळणार आहे?" लंबू चांगला धडधाकट माणूस, रोज काही ना काही बोलणी खातो आणि विसरतो. मला त्यात आजही काही वावगं वाटत नाही.

"खडू कुणाचा?" जाऊबाईंनी विचारलं.

"तुमचा."

"मग झालं तर." आणि दोन बाह्या हातात घेऊन त्या सरळ मालकांच्या काचेच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं, म्हणून मीही दारापर्यंत गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

आमचे मालक ओरडत नाहीत. ते कळवळतात, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट. बरेच दिवस त्यांचं चाललं होतं, मास्तर, उभ्यानं फार होतं तुम्हाला, बसून करायचं काहीतरी बघूया का? जाऊबाई दर वेळी म्हणायच्या, बघा की, तुमच्यासाठी. आज आयताच मोका मिळाला. त्यांनी बाह्या बघितल्या, मान हलवली आणि मऊ आवाजात म्हणाले, "होतं असं, मास्तर. वय झालं की होतं. तुमचा काय दोष? कापड शिल्लक आहे, उजव्या कापून घेऊ, या जास्तीच्या डाव्या पुढच्या मालात जातील. पण आता उद्यापासून तुम्ही धाग्यांवर बसा. टेबलाला मी दुसरा माणूस बघतो."

"वयानं झालं नाही," जाऊबाई म्हणाल्या.

"मग कशानं?"

इथे कुणीही शहाण्या बाईनं तब्येतीचं काहीतरी सांगितलं असतं. जाऊबाईंनी खेळ सांगितला. अणू सांगितले, रेणू सांगितले, पाठीकडून बघणं आणि समोरून बघणं सांगितलं. मालक आ वासून ऐकत होते. जवळच्या मशिनवरच्या बाईनं ते ऐकलं, तिनं शेजारणीला सांगितलं, आणि क्षणात ते मधल्या रांगेतून भिंतीपर्यंत पोचलं, मास्तर घरी गेम खेळतात! हशा पिकला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी मी त्यांना हवं ते बोलेन, तो माझा हक्क आहे. या बाकीच्या कोण लागून गेल्या?

मालक मात्र हसले नाहीत, उलट त्यांचा चेहरा खुलला. "मग तर सोपंच झालं! तो खेळ सोडा. उद्या सकाळी सगळ्यांसमोर म्हणा, सोडला. टेबल तुमचंच. नाही म्हणालात तर धागे. विचार करा रात्रभर."

"उजव्या बाह्या आज मी कापते," जाऊबाई म्हणाल्या. "माझं अर्धं काम मी दुसऱ्याला देत नाही." त्यांनी लंबूकडून पुन्हा थर पसरून घेतले आणि संध्याकाळच्या आत सगळ्या उजव्या बाह्या माझ्या मशिनशेजारी येऊन पडल्या. कामाच्या दृष्टीनं बघितलं तर एवढंच झालं होतं. एक दुपार वाया गेली होती.

घरी पोचेपर्यंत भाऊजींना बातमी लागलेली. कुणी लावली ते मी सांगणार नाही, पण माझा फोन सकाळपासून माझ्याजवळच होता. त्यांनी कॉम्प्युटरची वायर काढून गुंडाळून ठेवली होती.

"टेबल महत्त्वाचं की गोट्या?" भाऊजी म्हणाले. "उद्या जा आणि सोडला म्हण."

ह्यांनीही पहिल्यांदाच विनोद केला नाही. "वहिनी, एक शब्द तर बोलायचाय."

मला दोघांपेक्षा जास्त अक्कल आहे, म्हणून मी जाऊबाईंना स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, सोडला म्हणून मोकळ्या व्हा. घरी येऊन बघतंय कोण? तिकडे म्हणायचं सोडला आणि इकडे खुशाल खेळायचं."

"म्हणजे चोरून?"

"चोरून कशाला? गुपचूप."

"इतकी वर्षं ते टेबल माझं आहे," त्या म्हणाल्या, "तिथे मी गुपचूप काही केलं नाही. चुकले ते सगळ्यांसमोर सांगितलं. आता शिकायचं ते लपून शिकू?" मग त्या बाहेरच्या खोलीत आल्या आणि भाऊजींसमोर उभ्या राहिल्या. आवाज चढला नव्हता, पण शेजारपाजारच्यांनी ऐकलं असावं, कारण शेजारचा टीव्ही बारीक झाला. "वय झालेली माणसं जुन्याच चुका पुन्हा पुन्हा करतात. आजची माझी चूक नवी होती. मी काहीतरी शिकले म्हणून झाली. तिच्यावर वयाचं नाव मी लिहू देणार नाही, मालकांना नाही आणि तुम्हालाही नाही. शिकणं सोडते असं कबूल केल्यावरच टेबल मिळणार असेल, तर ते कबूल केल्या क्षणी मी भिंतीशी जाऊन बसल्यासारखीच आहे. मग टेबल घेऊन करू काय?"

"आणि गेलं टेबल तर?"

"गेलं तर रडेन. द्या ती वायर."

भाऊजींनी वायर दिली. त्या संध्याकाळी जाऊबाईंनी एक वेगळंच केलं. प्रत्येक रेणू त्या आधी पाठीकडून जुळवायच्या, पडदा उजळत नाही तो बघायच्या, मग सगळं मोडून समोरून जुळवायच्या. एकदा पालथा, एकदा सुलट, पुन्हा पालथा, पुन्हा सुलट. "दोन्हीकडून आलं पाहिजे," त्या म्हणाल्या, "आणि कधी कुठला डोळा लावायचा ते मी ठरवलं पाहिजे, त्यानं नाही." त्या दिवशी स्वयंपाक मी एकटीनं केला आणि भांडी आपटली नाहीत.

सकाळी कारखान्यात गेल्यावर जाऊबाईंनी नेहमीसारखं टेबल पुसलं, साचे काढले, खडू घेतला. लंबू कापडाचा तागा खांद्यावर घेऊन उभा होता, पसरू की नको हे त्याला कळत नव्हतं. मालक आले. काल हसलेल्या सगळ्या आज मशिनी बंद करून बसल्या होत्या. त्यांना तमाशा बघायचा होता, दुसरं काही नाही.

"काय ठरलं, मास्तर?"

"सोडत नाही."

मालकांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अहो, एक साधा खेळ..."

"साधा असता तर काल एवढं नुकसान झालं असतं का?" मागे कुणीतरी हसलं, पण या वेळचं हसणं वेगळं होतं. जाऊबाईंनी मोठी कात्री उचलली. तिची पाती स्वतःच्या मुठीत धरली आणि कड्या मालकांसमोर केल्या. "मी चुकले, ते तुमच्या दारात येऊन सांगितलं. दुरुस्त करून दिलं. पुन्हा चुकले तर पुन्हा सांगेन. पण कामावरून सुटल्यावर मी काय शिकायचं आणि काय नाही, ते तुम्ही ठरवायचं नाही. आता टेबल काढून घ्यायचं तर घ्या. मात्र तुम्ही स्वतः घ्या, या हातातून. मी आपल्या पायांनी त्या भिंतीकडे जाणार नाही."

मालकांनी कात्रीकडे बघितलं. त्यांचा हात थोडा वर आला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि मी खुर्चीतून अर्धी उठले. उठून काय करणार होते ते मला माहीत नाही. बहुतेक काहीतरी फेकलं असतं. पण मालकांनी तो हात तसाच वर नेऊन चष्मा सारखा केला.

"कॉलर आधी घ्या," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत निघायला हव्यात." आणि ते आपल्या खोलीत निघून गेले.

"लंबू, पसर," जाऊबाई म्हणाल्या. कात्री खाली ठेवताना ती टेबलावर नको इतकी खडखडली. दुसऱ्या कुणाला ते ऐकू येऊ नये म्हणून मी उगाच माझं मशिन जोरात सुरू केलं. मला त्या क्षणी त्यांचा एवढा अभिमान वाटला की त्यांना चार शिव्या द्याव्याशा वाटल्या. म्हणजे गप्प राहून हो म्हणाल्या असत्या तर काय बिघडलं असतं, असंही वाटत होतं आणि बरं झालं म्हणाल्या नाहीत, असंही.

दुपारी मालकांनी मला काचेच्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. "तुम्ही घरच्याच आहात," ते म्हणाले, "म्हणून तुम्हाला सांगतो. आता इथून पुढे बाह्यांचा गठ्ठा आला की जोडायच्या आधी प्रत्येक बाही डावी-उजवी बघून घेत जा. काही दिसलं तर आधी मला सांगा. मास्तरांना यातलं काही कळू देऊ नका."

मी म्हटलं, "हो."

नाही म्हणायला मी काही जाऊबाई नाही. मालकांच्या तोंडावर हो म्हणायला माझं काय जातं? त्यानंतर पहारेकऱ्यांचं काम संपलं, दवाखान्याचं झालं, आता शाळांचं चाललंय. रोज गठ्ठे येतात. मालक जाता-येता माझ्याकडे बघून हळूच भुवया उडवतात आणि मी मान डोलावते, सगळं ठीक आहे म्हणून. आजपर्यंत मी एकही बाही तपासलेली नाही.